‘सोनकी’ला झुडूप म्हणावे का?

प्रश्न असा आहे : ‘सोनकी म्हणजे डेझीच्या कुळातले, डोंगरावर वाढणारे, पिवळ्या फुलांचे खुजे झुडूप’ ही व्याख्या बरोबर आहे का? आणि ‘सोनकी’तला ‘की’ कुठून आला?

आधी झुडूप. ज्याचे खोड लाकूड धरते आणि बुंध्यापासूनच फांद्या फुटतात, ते झुडूप. सोनकीचे खोड कोवळेच राहते. पावसाळ्यात ती उगवते, भाद्रपद-आश्विनात रतनगडाच्या वाटा पिवळ्या करते आणि फुलोरा सरला की वाळून जाते. अशा वनस्पतीला संस्कृतात ‘ओषधी’ म्हणतात आणि मराठी वनस्पतिशास्त्रानेही तोच शब्द उचलला आहे. ‘ओषध्यः फलपाकान्ताः’, म्हणजे फळ पिकले की जिचे आयुष्य संपते ती ओषधी. सोनकीचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. फक्त ‘ओषधी’च्या जागी ‘औषधी’ छापू नये. औषध ओषधीपासून होते, पण प्रत्येक ओषधी काही औषधी नसते.

खरोखरच्या खुज्या झुडपासाठीही आपल्याकडे तयार शब्द आहे : क्षुप. ‘ह्रस्वशाखाशिफः क्षुपः’ असे अमरकोश सांगतो. ‘शिफा’ म्हणजे मूळ; तेव्हा आखूड फांद्यांचे, आखूड मुळांचे ते क्षुप. इतका बांधेसूद शब्द हाताशी असताना ‘खुजे झुडूप’ अशी जोडणी कशाला? सोनकीच्या कुळात क्षुपे आहेत, झुडपे आहेत, एवढेच काय, किलिमांजारोच्या उंच उतारांवर तिचे नातलग चक्क झाडाएवढे वाढतात. पण नातलगांची उंची सोनकीला लावता येत नाही.

‘डेझीचे कूळ’ हेही मला खटकते. मराठीत रूढ शब्द ‘सूर्यफूल कुल’ आहे. सूर्यफूल अमेरिकेतून आलेले, हे खरे. पण मराठी वाचकाने ते पाहिलेले असते. त्याच्यासोबत शेवंती आणि झेंडूचे नाव घेतले की कुळाची खूण लगेच पटते : आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेही स्वतंत्र फूलच असते.

आता ‘की’. सोने समासात ‘सोन’ होते : सोनचाफा, सोनटक्का, सोनसळी. पुढचा ‘की’ पाटीलकी-माणुसकीतला नव्हे. तो भाववाचक आहे आणि इथे भाव नाही, वस्तू आहे. माझा कल ‘ढोलकी’कडे आहे. ढोलापेक्षा लहान ती ढोलकी, तशी सोन्याची इवलीशी ती सोनकी. लघुत्व आणि लाड दोन्ही दाखवणारा हा ‘की’ आहे, आणि ‘खुजे’ या शब्दातला कोरडेपणा त्यात नाही.

शास्त्रीय नावाबद्दल प्रश्नात काही विचारलेले नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी हिचे नाव सेनेसिओ ग्रॅहमी होते, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस आहे. ‘सेनेसिओ’ हे लॅटिन ‘सेनेक्स’वरून आले. सेनेक्स म्हणजे म्हातारा. फुले सरल्यावर बियांवर जो पांढरा झुबका येतो, त्यावरून हे नाव पडले. आणि आपल्याकडे रुईच्या शेंगेतून असेच पांढरे, रेशमी केस घेऊन उडणाऱ्या बीला मुले काय म्हणतात? म्हातारी! तिच्यामागे धावताना त्यांना कुणी लॅटिन शिकवलेले नसते. रोमनांना पिकले केस दिसले, तेच मराठी पोरांनाही दिसले. फक्त तिकडे म्हातारा झाला, इकडे म्हातारी.