बाबांना धीर कसा द्यावा? "होऊन जाईल" म्हणून नाही

भाऊ, पोस्ट वाचली. अतिवृष्टीत पऱ्हाटी (कपाशी) गेली, बाबा वावरात जात नाहीत, खाटेवर पडून असतात, आणि 'सगळं नीट होईल' म्हणून आश्वस्त करायला गेलं की चिडतात. यवतमाळकडे आमच्या घरी हेच झालं होतं.

जवळ बसणं, ऐकून घेणं हे तुम्ही करतच असाल. अडतं दुसरीकडे. आश्वस्त आणि आश्वासन एकाच 'श्वस्' धातूचे. मूळ अर्थ जिवात जीव येणं. पण गावात आश्वासनावर कोणाचाच भरवसा उरलेला नाही, आणि 'नीट होईल' हे बाबांना तसंच ऐकू येतं.

आमचे बाबा वावरात पाणी साचल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका कार्यालयात गेले होते. तेव्हा पीक विम्यात अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. तिथला माणूस म्हणाला, "काका, होऊन जाते, टेन्शन नका घेऊ." ना अर्ज घेतला, ना पोच दिली. मुदत गेल्यावर तोच म्हणे, तुमची नोंदच नाही. पैसे बुडाले ते बुडालेच, पण त्यानंतर बाबांनी माझ्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. याचा राग अजून जात नाही. एका कागदावर शिक्का मारायला वेळ तो किती लागतो?

त्यांना उभारी आली ती हिशेबाने. सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, सगळं त्यांच्यासमोर वहीत मांडलं. चणा निघेपर्यंत थांबतो, हे दुकानदाराच्याच तोंडून त्यांना ऐकवलं. वही पाहता पाहता बाबांनी पेन घेऊन एक आकडा खोडला, "याचे तर मी पोळ्यालाच दिले." कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले.

मी डॉक्टर नाही, प्रत्येक घर वेगळं. पण झोप-जेवण सुटलं किंवा 'मी नसलो तर बरं' असं बोलू लागले, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीचं औषध आजच घरातून हलवा.

विम्याचे नियम आता बदललेत. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे भागातल्या काही निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठरते. सरकारी मदतीसाठी मात्र पंचनाम्यात नाव आलं का, ते स्वतः जाऊन बघा. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, आणि ती प्रत बाबांच्याच हातात द्या.