आर्किटेक्चरच्या मुलांची प्रोजेक्ट्स कधी बांधली जात नाहीत, मग त्यातून ती शिकतात काय?

तुमचा प्रश्न मी असा समजले: मुलगी नाशिकला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर भुसावळला. ती रात्र रात्र जागून घराचे नकाशे काढते, मॉडेल करते, ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, झाली की ते मॉडेल कपाटावर धूळ खात पडतं. जे घर कोणी बांधणारच नाही, त्यावर एवढी मेहनत कशासाठी?

मी मूळची अमळनेरची, शिकले नाशिकला, आता धुळ्यात प्रॅक्टिस करते. भाऊ, त्या न बांधल्या जाणाऱ्या घरांनीच मला काम शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खऱ्या कामात मालकाचा प्लॉट ठरलेला असतो, बजेट ठरलेलं असतं, वास्तू बघणारे आधी येऊन गेलेले असतात आणि अक्षय तृतीयेला पाया खणायचा असतो. मुळापासून प्रश्न विचारायला तिथे फार थोडी जागा उरते. कॉलेजात ती मिळते. मात्र विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कागदावर रेषेत द्यावं लागतं. ‘ही भिंत इथेच का?’ असं समोरच्याने विचारलं की ‘बरी दिसते’ म्हणून सुटता येत नाही.

आम्हाला दुसऱ्या वर्षी विषय होता शेतकरी कुटुंबाचं घर. आमच्या सरांनी घर काढायला देण्याआधी भडगावकडे, गिरणेकाठच्या एका गावात नेलं आणि जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर मोजायला लावलं. टेप घेऊन घर मोजणं दिसतं तेवढं सोपं नसतं. जुनी भिंत कधीच काटकोनात नसते, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावे लागतात, नाहीतर नकाशाच्या रेषा जुळत नाहीत. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या. वर लाकडी तुळया, त्यावर कड्या, त्यावर काड्यांचा थर आणि मग माती. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. हे सगळं पुस्तकात सापडेल. त्या घरातल्या आजी जे म्हणाल्या ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्यातली एक मुलगी एका भिंतीला टेकून बसली, तर म्हणाल्या, “आठे नको बसू, हाई भिंत रातभर तपस.” (इथे नको बसू, ही भिंत रात्रभर तापते.) ती मावळतीची भिंत होती.

त्या एका वाक्यावर आमचा आठवडा गेला. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात. म्हणून भर दुपारी त्या घरात गारवा असतो, आणि भिंत आतून तापते तोवर माणसं अंगणात, ओट्यावर नाहीतर धाब्यावर खाट टाकून पडलेली असतात. घरातली माणसं तासागणिक जागा बदलतात, आणि घर त्या बदलण्यासाठी बांधलेलं आहे. आता त्याच कुटुंबाला पाच इंची स्लॅब घालून द्या. तो दुपारभर तापतो आणि नेमका झोपायच्या वेळी ती उष्णता खोलीत सोडतो. भुसावळच्या मे महिन्यात हे तुम्ही रोज भोगता, मी वेगळं सांगायला नको.

मग सूर्याचा अभ्यास आला. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे आपल्याकडे जो तो म्हणतो, पण त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीवर ऊन येतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर नेमका हिशेब करून छज्जा काढला, तर उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि हिवाळ्याचं आत येतं. पश्चिमेला हे गणित चालत नाही. तिथे सूर्य समोरून येतो, दोन फुटांचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. मग पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली सरकवायची, बाहेर निंब लावायचा. हे शीटवर लिहिणं वेगळं आणि स्वतःच्या प्लॅनमधली खोली उचलून दुसरीकडे नेणं वेगळं. एक खोली हलली की जिना हलतो, दार हलतं, स्वयंपाकघराचा उजेड जातो. त्या हलवाहलवीत खरं शिक्षण आहे.

त्यानंतर सरांनी सगळ्या वर्गाला प्रश्न विचारले आणि ते मी आजही प्रत्येक मालकाला विचारते. बिबडे आणि कुरडया वाळत कुठे घालणार? गच्चीवर जाणारा जिना हातात परात घेऊन चढता येईल असा आहे का? खापरावरचे मांडे करायचे तर चूल कुठे मांडणार, धूर कुठून जाणार? फवारणीचा पंप आणि औषधं पोरांचा हात पोचणार नाही अशी कुठे ठेवणार? कूलर कुठल्या खिडकीत बसणार, आणि त्याने आत ढकललेली हवा बाहेर कुठून पडणार? समोर दुसरी खिडकी उघडी नसेल तर घरात नुसता दमट कोंदटपणा होतो.

सगळ्यात मोठा प्रश्न कापसाचा होता. भाव चढेल या आशेने आपल्याकडे वेचलेला कापूस महिनोन् महिने घरात भरून ठेवतात. म्हणजे नकाशात जी ‘बेडरूम’ आहे, तिच्यात वर्षातले काही महिने माणूस झोपतच नाही. कापूस पेट घेणारी वस्तू, म्हणजे ती खोली चुलीपासून लांब हवी, दारापर्यंत गाडी यायला हवी आणि त्या काळात लोक झोपणार कुठे याचीही सोय हवी. हे कळल्यावर वर्गातल्या प्रत्येकाचा प्लॅन बदलला.

पुढच्या वर्षी एसटी स्टँड होता. तिथे वळणाऱ्या बसची जागा, चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार, बायकांसाठी उजेडातली स्वच्छतागृहं ही सगळी मोजमापं अंगवळणी पडली. शहराचा अभ्यास आम्ही धुळ्यात केला. १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांकडे आला, त्यानंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळे मुख्य ठिकाण करून सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. आपण आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ म्हणतो. त्या गल्ल्यांतून वही घेऊन फिरताना रस्त्याची रुंदी, घराची उंची आणि ओट्यावर पडणारी सावली यांचं नातं दिसायला लागतं.

शेवटच्या वर्षी माझा प्रबंध सावदा-रावेर भागातल्या केळीच्या बाजारावर होता. घड कापल्यापासून गाडीत भरेपर्यंत त्याला ऊन लागू नये, मार लागू नये, एवढीच अट. मांडवासाठी उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. माझ्या साइटपासून थोड्याच अंतरावर, माझ्याच प्रश्नाचं एक उत्तर कोणीतरी आधीच देऊन ठेवलं होतं. तेव्हापासून नवं काम आलं की मी आधी त्याच गावात हिंडते.

आता जागरणाबद्दल. त्याची मला अजिबात भलावण करायची नाही. रात्रभर जागून काढलेल्या रेषांना दुपारी अर्थ राहत नाही, आणि ‘आर्किटेक्चरला असंच असतं’ म्हणणाऱ्या सीनियर मुलांचं तिने ऐकू नये. प्लॅन वेळेत ठरवून थांबणं हाही डिझाइनचाच भाग आहे, तो मात्र कोणी नीट शिकवत नाही.

कपाटावरच्या मॉडेलचं म्हणाल तर ते टाकून दिलं तरी चालेल, फोटो काढून ठेवले की झालं. पण तिचे बटर पेपर, म्हणजे कच्चे प्लॅन काढलेले पारदर्शक कागद, फेकू देऊ नका. आमच्या ऑफिसात कोणी मूल ट्रेनिंगला येतं, तेव्हा मी चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर रंगवलेली चित्रं, शेवटी बघते. आधी सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर आत कसं दिसेल तो नकाशा, बघते, आणि मग एकाच घराचे बदलत गेलेले चार-पाच कच्चे प्लॅन मागते. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत काय हललं आणि कशामुळे, हे त्या मुलाला सांगता आलं तर बाकी सगळं आम्ही ऑफिसात शिकवू शकतो.