दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांच्या वस्तू जमवायच्यात, सुरुवात कशाने करू?

तुम्ही लिहिलंय की बजेट कमी आहे, आधी काय घ्यावं आणि नकली माल कसा ओळखावा. मी गेली ९ वर्षं फक्त अमेरिकन पाणबुड्यांचं जमवतोय, त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगतो. जर्मन यू-बोटच्या (म्हणजे त्यांच्या पाणबुड्यांच्या) बॅजच्या भानगडीत नवख्याने पडूच नये, त्यात नकली माल इतका आहे की मुरलेले लोकही फसतात.

माझं म्हणणं एकच, बिल्ल्यांच्या आधी कागद, म्हणजे पत्रं-पाकिटं, घ्या.

मी स्वतः उलटं केलं. कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोला पॅम्पॅनिटो पाणबुडी बघितली (आता म्युझियम आहे, हिनेच सप्टेंबर १९४४ मध्ये बुडालेल्या जपानी जहाजावरचे ७३ ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी समुद्रातून उचलले होते), आतले ते अरुंद बंक बघून वेडच लागलं आणि पुढच्याच महिन्यात एका जुन्या बाजारातून चांदीचा डॉल्फिनचा बिल्ला (डॉल्फिन हे अमेरिकन पाणबुडीवाल्यांचं मानचिन्ह) 'युद्धातल्या खलाशाचा' म्हणून घेऊन आलो. दोन वर्षांनी कळलं की युद्धात धातूचा डॉल्फिन फक्त अधिकाऱ्यांना असायचा, तोही सोनेरी. साध्या खलाशांच्या उजव्या बाहीवर कापडी चिन्ह शिवलेलं असायचं, चांदीचा बिल्ला त्यांना १९५० मध्ये मिळाला. खूप वाईट वाटलं, कारण दोन वर्षं मी तो सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतो.

झिपो लायटरचंही तसंच. युद्धात पितळ मिळत नव्हतं म्हणून तेव्हाचे झिपो स्टीलचे, वरून काळा खरखरीत रंग. चकचकीत लायटरवर पाणबुडीचं नाव आणि १९४४ कोरलेलं दिसलं तर सरळ पुढे चला.

आता कागद. खलाशांची पत्रं अजूनही परवडतात. माझं सगळ्यात लाडकं पाकीट १८ डॉलरला मिळालं. तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' लिहिलंय, कारण १९४२ पासून सैनिकांना साधं पत्र फुकट पाठवता यायचं. डाव्या कोपऱ्यात नाव, हुद्दा, पाणबुडीचं नाव आणि 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' (म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय), खाली सेन्सॉरचा गोल शिक्का आणि त्यात अधिकाऱ्याची शाईची आद्याक्षरं. आत दीड पान. कुठे आहे, काय करतोय, एक अक्षर नाही, सगळं आईच्या गुडघेदुखीबद्दल आणि धाकट्याने सायकल पावसात ठेवू नये याबद्दल. पण तारीख आहे ना! पाणबुड्यांच्या गस्तीचे रिपोर्ट स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत, त्यात लावून बघितलं तर गस्तीवर निघायच्या ४ दिवस आधीचं पत्र निघालं. एकेक गस्त दीड-दोन महिने चालायची आणि तेवढ्यात घरी काहीच पोचायचं नाही, म्हणून ही पत्रं अशी एकदम ३-४ येतात आणि मग मोठी गॅप. ती गॅप बघून पोटात कालवतं हो. अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या त्या युद्धात गेल्या, ३५०० च्या वर माणसं, तेवढ्या घरांत पुढचं पत्र आलंच नाही. माझा खलाशी परत आला होता, त्या गस्तीनंतरच्या तारखेचं त्याचं आणखी एक पाकीट मला मागच्या वर्षी सापडलं, त्या रात्री मला झोप नाही आली.

बिल्ला कितीही खरा असला तरी कोणाचा होता हे तो सांगत नाही, पाकीट सांगतं.

बुडालेल्या पाणबुडीतून काढलेली वस्तू कोणी देऊ केली तर हात लावू नका. २००४ पासून अमेरिकेत त्यावर कायदा आहे, पण कायदा नसता तरी ती कबर आहे.

पत्रं लॅमिनेट करू नका, अ‍ॅसिड-फ्री प्लास्टिकमध्ये ठेवा. आणि पुढेमागे चांदीचा बिल्ला घेतलाच तर पितांबरीने घासू नका, मागचे बनवणाऱ्याचे बारीक छाप झिजतात आणि ओळख पटवायला तेच लागतात. घ्यायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो मागा, तो देत नसतील तर सोडून द्या. मला पाठवलात तर मीही बघून सांगेन.