पाण्याचा जार उचलला की बंदूक कोण धरणार?

मागच्या महिन्यात या पानावर मी आमच्या वावरातल्या एअरसॉफ्ट मिलसिमबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं यायला लागली. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ. १९७०च्या दशकात तो जपानमध्ये सुरू झाला. त्याला नकाशा, हुकूम, वेळ आणि रसद यांची शिस्त लावली की झालं मिलसिम. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता चाळीसगाव तालुक्यात शेती करतो. कापूस निघाला, पऱ्हाटी उपटून झाली, की रिकाम्या वावरात पोरांना घेऊन हे खेळ बसवतो.

सुभेदार काका, आम्ही धुळ्याचे अठरा जण आहोत. दोनदा खेळलो. दोन्ही वेळा पहिल्या वीस मिनिटांत सगळे एकमेकांवर तुटून पडले आणि मग निम्मे बाहेर बसून मोबाइल बघत राहिले. मधोमध झेंडा ठेवला तरी तिकडे कोणी फिरकत नाही. आमचं चुकतं कुठे?
– एक वाचक, धुळे

बाळा, झेंड्याला वजन नसतं. पळत जाऊन उपटला की काम संपलं, त्यामुळे त्याच्यासाठी कोणाला कोणाची गरज पडत नाही. पोरांना गोळी मारण्यात गंमत वाटते आणि वाटणारच. त्यांच्या हातात असं काही द्या की ते धरल्यावर बंदूक धरता येणार नाही.

आमच्याकडे ते काम वीस लिटरचा पाण्याचा जार करतो. लग्नाकार्यात येतो तोच. भरला की वीस किलो. गेल्या डिसेंबरात कामगिरी अशी होती: विहिरीवरून दोन जार नाल्यापलीकडच्या गोठ्यात नव्वद मिनिटांत पोहोचवायचे. अकरा जण नेणारे, सात जण अडवणारे. नाला कोरडा, मध्ये एक सिमेंटचा बंधारा, डाव्या हाताला बाभळी, उजवीकडे पाण्याच्या मोटारीची खोली. वाटा तीन. कोणती घ्यायची ते नेणाऱ्यांनी ठरवायचं.

पहिला जार दोघांनी उचलला आणि बंदुका पाठीवर गेल्या. तिसऱ्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, तो आपसूक पुढे झाला आणि गुडघ्यावर बसला. चौथा मागे वळून उभा राहिला. 'थांबा, त्या बाभळीमागे कोण आहे ते आधी बघू द्या' हे वाक्य मी त्या वावरात पहिल्यांदा ऐकलं. आधीच्या तीन खेळांत मी 'एकमेकांना कव्हर द्या' म्हणून घसा कोरडा केला होता, ते कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. वीस किलोंनी ते दहा मिनिटांत शिकवलं. एका जाराचं बूच सैल होतं. बंधाऱ्याच्या उतारावर पोरगा घसरला आणि पाणी त्याच्या पँटवर, बुटात, काळ्या मातीत गेलं. त्याने आधी अंगठ्याने बूच दाबून धरलं आणि मग 'हिट' म्हणून हात वर केला, कारण घसरण्याआधीच त्याला गोळी लागली होती. गोठ्यात पाणी मोजलं तेव्हा पहिला जार चौदा लिटरवर आला होता. जितके लिटर तितके गुण. मेलं कोण, मारलं कोणी, हे त्या संध्याकाळी कोणी विचारलंसुद्धा नाही.

अडवणाऱ्यांनाही काम हवं, नाहीतर ते एका जागी झोपून राहतात. आमच्या सात जणांना मोटारीच्या खोलीतली कागदाची घडी शोधून ती आपल्या ठाण्यावर न्यायची होती. म्हणजे बाभळीमागून कधी ना कधी उठणं आलं. फौजेत जुना ठोकताळा आहे की बचाव करणाऱ्या एका माणसावर चढाईला तीन माणसं लागतात. खेळात तितकी तफावत ठेवली तर बचाववाले रडकुंडीला येतात. तिनास दोनच्या आसपास आकडा ठेवा आणि चढाईवाल्यांना परत येण्याची सोय द्या.

परत येण्याचा नियम फार जपून ठरवा, कारण मोबाइल बघत बसणं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे हिट झालेल्याने जागीच बसायचं आणि लाल फडकं डोक्यावर टाकायचं. पाच मिनिटांत साथीदार आला आणि त्याने दंडावर पट्टी बांधली तर उठायचं. कोणी आलं नाही तर ठाण्यावर परत जायचं आणि पंधरा मिनिटांच्या शिट्टीला सगळ्यांनी मिळून निघायचं. एकेकटं निघायला बंदी. पट्ट्या प्रत्येकाकडे दोनच. गोळ्यांचंही तसंच. माणशी चार मॅगझिन, प्रत्येकात तीस. शंभर-तीनशे गोळ्या मावणारी मोठी मॅगझिनं मी चालू देत नाही. फौजेत आम्ही इन्सास रायफल वापरायचो तेव्हा मॅगझिनमध्ये वीस राउंड असायचे. वीस राउंड हाताशी असले की माणूस ट्रिगरवर बोट ठेवण्याआधी विचार करतो. जास्त हव्या असतील तर कोणीतरी ठाण्यावर जाऊन पिशवी आणायची. म्हणजे गोळ्यासुद्धा जारासारख्याच वाहून आणाव्या लागतात.

हुकूम कसा द्यायचा? आमचा लीडर भाषण देतो आणि मैदानात सगळे विसरतात.
– एक वाचक, अमळनेर

भाऊ, तोंडाने सांगितलेली जमीन डोक्यात राहत नाही. जमिनीवरच दाखवा. फौजेत सँड मॉडेल करतात, तेच आम्ही वावराच्या कडेला करतो. हातभर माती सपाट करायची. नाल्यासाठी निळी रांगोळी, वाटेसाठी सुतळी, विहिरीसाठी वाटी, बंधाऱ्यासाठी विटेचा तुकडा, झाडांसाठी कडुनिंबाच्या काड्या. सगळ्यांनी त्याभोवती उकिडवं बसायचं, उत्तर दिशा धरून.

मग ओळीने पाच गोष्टी: समोर कोण आणि आपले कोण, काम काय, कसं करायचं, पाणी-गोळ्या-पट्ट्या कुठे, आणि हुकूम कोणाचा व निरोप कसा पोहोचणार. काम सांगताना ते एका वाक्यात आणि दोनदा सांगा. फौजेतली ही पद्धत मला अजून बरोबर वाटते, कारण पहिल्यांदा माणूस फक्त आवाज ऐकतो. शेवटी सगळ्यात लहान पोराला विचारा, 'सांग, तुझं काम काय?' तो अडखळला तर चूक लीडरची.

निरोपासाठी वॉकीटॉकीच्या मागे लागू नका. ऑनलाइन मिळते म्हणून ती परवान्याशिवाय चालते असं नाही, ताकदीच्या सेटला परवाना लागतो. एक चपळ पोरगा निरोप्या म्हणून ठेवा. गेल्या खेळात आमचा निरोप्या धापा टाकत आला आणि अर्धा निरोप विसरला. पुढच्या खेळात सगळ्यांचे निरोप छोटे झाले.

लागलं तरी काही जण 'हिट' म्हणत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, नंदुरबार

पेंटबॉलमध्ये रंग लागतो, तो लपत नाही. एअरसॉफ्टच्या गोळीची खूण राहत नाही, त्यामुळे हा खेळ सगळा इमानावर चालतो. भांडण मैदानात करायचं नाही, दुसऱ्याला लागलेलं आपण ओरडून दाखवायचं नाही. पंचाला सांगा, पंच त्या माणसाच्या मागे दहा मिनिटं चालेल. एवढं पुरतं. आमच्याकडे एकाला मी परत घेतलं नाही. तो नेमबाज चांगला होता, तरी नाही घेतलं.

मात्र एक गोष्ट तपासा. जाड जॅकेटवर लांबून आलेली गोळी खरंच कळत नाही. म्हणून बाहीचे कपडे पातळ ठेवा आणि चाळीस-पन्नास मीटरवरच्या हिटसाठी कोणाला खोटारडं ठरवू नका.

साधा चष्मा किंवा गाडीचा गॉगल चालेल का?
– एक वाचक, पाचोरा

नाही चालणार. इथे मी सूट देत नाही. चारी बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा, युरोपच्या ईएन १६६ किंवा अमेरिकेच्या एएनएसआय झेड८७.१ प्रमाणाचा गॉगल आणि तोंडावर जाळीचा मास्क. दातही तुटतात. खेळाआधी प्रत्येक बंदूक क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायची. ०.२० ग्रॅमच्या गोळीला सेकंदाला ३५० फुटांहून जास्त वेग मी येऊ देत नाही, ती सव्वा जूलच्या आतली ताकद झाली.

आमच्या दुसऱ्याच खेळात एका पोराने गोठ्याजवळ घाम पुसायला गॉगल वर केला. खेळ थांबलाय असं त्याला वाटलं. गोळी गालाच्या हाडावर लागली, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर. तो निळा डाग मी पंधरा दिवस बघत होतो. चूक माझी होती, कारण गॉगल कुठे काढायचा ती जागा मी आखून दिली नव्हती. आता दोर बांधलेली जागा असते. दोराच्या आत मॅगझिन काढलेली बंदूक, आणि तिथेच फक्त उघडा चेहरा. धुकं धरणाऱ्या गॉगलवाल्याने हात वर करून दोरापर्यंत चालत यायचं.

परवानगी लागते का? आमच्या गावाबाहेर गायरान आहे.
– एक वाचक, पारोळा

गायरानात नको, तिथे गुरं आणि गुराखी असतात. जंगलात तर अजिबात नको. गौताळा काय, यावल काय, अभयारण्यात पाऊलही टाकू नका. लळिंगसारख्या किल्ल्यावरही नको. मालकाची लेखी संमती असलेलं खासगी वावर हवं, आणि ते केळीच्या बागेजवळचं नको. ठिबकच्या नळ्या फुटल्या तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. साधी प्लास्टिकची गोळी मातीत कुजत नाही, म्हणून गोठ्याभोवती आम्ही ताडपत्री अंथरतो आणि संध्याकाळी वेचायला सगळे वाकतात.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. पहिल्या खेळाला मी फक्त मालकाला सांगितलं होतं. तो माझा चुलतभाऊ. संध्याकाळी कापूस वेचून बाया बांधावरून घरी निघाल्या आणि त्यांना नाल्यातून वाकून येणारी पोरं दिसली. गाठोडी तिथेच टाकून त्या गावाकडे पळाल्या, 'बंदुकवाला उनात' (बंदूकवाले आले) म्हणत. पोलीस आले. त्यांनी समजून घेतलं, पण त्यातल्या एका म्हातारीचा हात मी गेलो तेव्हाही थरथरत होता. तिच्या ओट्यावर बसून मी माफी मागितली. तेव्हापासून आठ दिवस आधी सरपंच, पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याला लेखी पत्र जातं, बांधावर पाट्या लागतात आणि दोन माणसं बिनबंदुकीची वाटेवर उभी असतात. बंदुकीचं टोक नारिंगी ठेवायचं. घर ते वावर ती पिशवीतून न्यायची, मोटारसायकलवर खांद्याला लटकवून नव्हे.

१९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम आहेत, त्यांत हुबेहूब नकली बंदुकांचाही विचार केलेला आहे. बाहेरच्या देशातून काही मागवण्याआधी वकिलाला विचारा.

आणि फौजेच्या वर्दीचा पॅटर्न अंगावर घालू नका, ही माझी हात जोडून विनंती. १५ जानेवारी २०२२च्या सेना दिनाला नवा डिजिटल पॅटर्न लोकांसमोर आला, तो सेनेने आपल्या नावावर नोंदवून घेतला आहे. तो कमवावा लागतो. मातकट शर्ट आणि दंडावर रंगीत फीत, खेळाला एवढं पुरतं.

काका, आम्ही कॉलेजच्या बारा मुली. बंदुका परवडत नाहीत. आमचं काही होईल का?
– एक विद्यार्थिनी, शहादा

ताई, होईल, आणि चांगलं होईल. दंडाला सुटणारी फीत बांधा. समोरच्याने ती ओढली की हिट. बाकी सगळं तसंच: जार, पट्ट्या, निरोप्या, सँड मॉडेल. एक संघ वाट चुकलेल्या जखमीला स्ट्रेचरवर आणतो, दुसरा शोधतो. दोन बांबू आणि एक चादर, झालं स्ट्रेचर. त्यावर खरीच मुलगी झोपवा, मग चौघींना पाय एका तालात टाकावे लागतात.

गेल्या वर्षी सात मुली आमच्याकडे असंच खेळल्या. अंधार पडताना एकीने हाक दिली, 'कोठे शे वं तू?' आणि झुडपातून उत्तर आलं, 'आठेच शे' (इथेच आहे). त्या हाकेवर दुसऱ्या संघाने दोघींना धरलं. पुढच्या वेळी त्यांनी हाकेऐवजी टिटवीचा आवाज ठरवला.

आपल्याकडच्या खऱ्या लढाईवर खेळ बसवावा का? अंबापाणीची लढाई घेऊ का?
– एक शिक्षक, चोपडा

गुरुजी, नका घेऊ. खाज्या नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यात अंबापाणीला इंग्रजांशी लढत दिली. त्या डोंगरात त्यांचे वंशज आजही राहतात. तिथल्या मरणाची सोंगं आपण वावरात आणायची नाहीत, इंग्रजांच्या बाजूने कोणाला उभं करणं तर दूरच. पण मुलांना तो डोंगर दाखवा आणि घाटात वाट कुठे अरुंद होते, पाणी कुठे आहे, थोडी माणसं मोठ्या फौजेला कशी अडवू शकतात, हे विचारा. त्यातली जमिनीची समज खेळात वापरा आणि बाजूंना 'निळा' आणि 'पिवळा' म्हणा.

मे महिन्याच्या सुट्टीत खेळ ठेवाल का?
– एक वाचक, भुसावळ

भुसावळकरांनी हे विचारावं? मे महिन्यात तुमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. गॉगल, मास्क, लांब बाह्या घालून दुपारी पळालं तर उष्माघात होईल. पावसाळ्यात काळी माती बुटाला शेर-शेर चिकटते आणि घोणस, फुरसं निघतात, म्हणून तेव्हाही नाही. हिवाळ्यातसुद्धा पऱ्हाटीच्या ढिगात हात घालायचा नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते आधी विचारून ठेवायचं आणि १०८ला वाट सांगू शकेल असा गावातला एक माणूस सोबत ठेवायचा.

डिसेंबरात या. सकाळी आठला सँड मॉडेल, चारला शेवटची शिट्टी. गोळ्या वेचून झाल्या की त्याच वावरातल्या पऱ्हाटीवर वांगी भाजतो. कळण्याच्या भाकरी घरून येतात. ताट-वाटी ज्याची त्याने आणावी.