कारखान्यात तेल सांडलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला किती लिटरपासून कळवावं लागतं?

असा लिटरचा आकडा नाही. जल कायदा १९७४, कलम ३१: अपघाताने घातक द्रव्य नाला, विहीर, गटार किंवा जमिनीवर गेलं आणि त्याने पाणी बिघडलं किंवा बिघडण्याची शक्यता असली, की जागेच्या प्रमुखाने मंडळाला ताबडतोब कळवायचं. 'शक्यता' हा शब्द साहेब लोक सोयीस्करपणे गाळतात.

हे चिडून लिहितोय, कारण तुमचाच प्रश्न आमच्याकडे भर पावसात, रात्रपाळीला उभा राहिला होता. टँक फार्मची, म्हणजे तेलाच्या टाक्यांच्या आवाराची, शिफ्ट माझ्याकडे. टँकर रिकामा होताना होजचं कपलिंग सुटलं आणि फर्नेस ऑइल डाईकच्या (टाक्यांभोवतीच्या अडवणाऱ्या भिंतीच्या) बाहेर, थेट पावसाळी गटाराकडे. साहेब फोनवर म्हणाले, "हायड्रंट लाव, धुऊन काढ. सातशे टनांखाली रिपोर्ट करायचाच नसतो."

हायड्रंटचं पाणी मारलं असतं तर सगळं तेल ओढ्यात! मी आधी गटारात वाळूची पोती रचून घेतली आणि त्यांत पाइपचा एक तुकडा तिरपा बसवला, आतलं तोंड तळाशी, बाहेरचं वर. पाणी तळातून निघून जातं, तेल तरंगत मागे अडकतं. कोरड्या जागी भुसा टाकला. मग मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना फोन केला. सकाळी 'घरभेदी' ही पदवी मिळाली, ती अजून माझ्या नावावर आहे.

आता त्या सातशे टनांचं. तटरक्षक दलाच्या राष्ट्रीय तेलगळती आराखड्यात हा आकडा आहे खरा, पण तो समुद्रातल्या गळतीला तोंड कुणी द्यायचं हे ठरवतो: ७०० टनांपर्यंत स्थानिक यंत्रणा, त्यापुढे प्रादेशिक, १०,००० टनांपुढे राष्ट्रीय. कळवण्यातून सूट कुणालाच नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' या मालवाहू जहाजाची टक्कर झाली, तिच्यातून अंदाजे ८०० टन तेल गेलं आणि खारफुटी काळी पडली. साहेबांच्या हिशेबाने त्यातलं शंभर टन कमी असतं तर कुणाला सांगायचीही गरज नव्हती.

सफाईचा खर्च? पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, कलम ९. सरकारी यंत्रणेने साफ केलं तर खर्च व्याजासकट वसूल होतो. तेव्हा लपवून पैसे वाचतात हा हिशेबच कच्चा. तेल लागलेला भुसा आणि चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात, त्या भंगारवाल्याला देऊ नका. वापरलेलं तेल सांडलं असेल तर २०१६ च्या घातक कचरा नियमांचा फॉर्म ११ भरावा लागतो.

डाईकच्या आत काँक्रीटवर पडलं आणि तिथेच उचललं, तर कलम ३१ लागत नाही असं माझं मत. मी वकील नाही, मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातल्या अटी आधी वाचा. मोठा साठा असेल तर १९८९ च्या घातक रसायन नियमांखाली मोठ्या अपघाताची सूचना ४८ तासांत द्यावी लागते, ती वेगळी. समुद्रात तेल दिसलं तर तटरक्षक दल, १५५४.

आणि फोन केल्यावर लगेच ईमेल टाका, वेळ लिहून. आमच्या साहेबांनी नंतर चौकशीत "कळवायला मीच सांगितलं होतं" असं ठोकून दिलं, तेव्हा माझा ईमेलच कामी आला.