बिली हॉलिडेवरची कविता

प्रश्न: जॅझ गायिका बिली हॉलिडेवर एखादी चांगली कविता सुचवाल का?

उत्तर: अमेरिकन कवी फ्रँक ओहारांची 'द डे लेडी डाइड' वाचाच. बिली १७ जुलै १९५९ला गेली, फक्त ४४ वर्षांची, हॉस्पिटलच्या बेडवरच तिला अटक झालेली, आणि १९४७च्या ड्रग्ज केसनंतर परवाना गेला म्हणून न्यूयॉर्कच्या क्लबांत गायची बंदी, त्याआधी गोऱ्यांच्या बँडबरोबर गायची तेव्हा काळी म्हणून हॉटेलात सामानाच्या लिफ्टने जायला लावलं, किती सोसलं हो तिने! कवितेत यातलं काहीच नाही. कवी बूट पॉलिश करून घेतो, सिगारेटी घेतो, पेपरवर तिचा फोटो दिसतो आणि तिचं गाणं आठवून श्वासच थांबतो. तिला बिचारी न करता गायिका म्हणूनच आठवलंय, म्हणून मला ही फार आवडते. सोबत तिचं १९३९चं 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणं नक्की ऐका.