‘मला आता काही सुचतच नाही’: एका चित्रकला शिक्षिकेचा अनुभव

“दिवसभर मुलांना चित्रकला शिकवते, पण घरी स्वतःचा कागद पुढे घेतला की डोकं रिकामं होतं. माझ्यातली चित्रकार संपली का?”

कला शिकवणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. गाणं शिकवणारे, नाटक बसवणारे, लेखनाचे वर्ग घेणारे, सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकाने हेच असतं. त्यातल्या एका शिक्षिकेबद्दल इथे लिहिते आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास. शाळेत चित्रकला शिकवतात. शिकत असताना जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी त्यांचं नाव होतं. नोकरी लागल्यावरही काही वर्षं त्या रात्री जागून चित्रं काढायच्या. मग शाळेची कामं वाढली, घरची वाढली, आणि चित्र मागे पडत गेलं. दर सुटीच्या आधी त्या हौसेने चांगला कागद आणायच्या आणि सुटी संपली की तो तसाच कपाटात जायचा.

“कागदाचीच भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या. “एवढा चांगला कागद, त्यावर काहीतरी चांगलंच यायला हवं ना! आणि सुचायला तरी हवं. पूर्वी कुठेही बघितलं तरी चित्र दिसायचं.”

‘सुचत नाही’ ही तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी झोप, भूक आणि इतर आवडीनिवडींबद्दल विचारते. एखाद्याला आवडीच्या कुठल्याच गोष्टीत रस उरला नसेल, उदास किंवा रिकामं वाटत असेल, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर स्केचबुक हा उपाय नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. या बाईंचं तसं नव्हतं. त्या नीट झोपत होत्या, मैत्रिणींमध्ये खळखळून हसत होत्या, विद्यार्थ्यांबद्दल बोलताना तर त्यांचा चेहरा उजळायचा. अडलं होतं ते फक्त स्वतःच्या चित्रापाशी.

मी त्यांना आदल्या दिवशीच्या एखाद्या तासाचं वर्णन करायला सांगितलं. त्या भरभरून बोलल्या. कोणाचं प्रमाण चुकलं होतं, कोणी क्षितिजरेषा कागदाच्या बरोबर मधोमध ओढली होती, कोणाच्या स्थिरचित्रात मडक्याची सावली एका बाजूला आणि पेल्याची दुसऱ्या बाजूला पडली होती. चाळीस मुलांच्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. मग मी विचारलं, “ब्रश धुवायच्या पाण्याचा रंग तास संपताना कसा झाला होता?”

त्या गप्प झाल्या. “गढूळ,” म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “नाही सांगता येत. बघितलंच नाही.”

पुढचं सगळं काम या उत्तरातून निघालं. बघणं त्यांच्या पेशाचाच भाग होता आणि त्या दिवसभर बघतच होत्या, पण त्यांचं प्रत्येक बघणं तपासणीचं होतं. काय चुकलंय, काय सुधारायला हवं, किती गुण द्यायचे. शिक्षकाला ही नजर लागतेच, तिच्याशिवाय शिकवता येणार नाही. फक्त ही नजर शाळेत ठेवून घरी येता येत नाही. संध्याकाळी कोऱ्या कागदासमोर तीच हजर असते आणि पहिली रेष उमटण्याआधीच त्या रेषेला गुण देऊन मोकळी होते. माझ्या मते ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक कलाशिक्षकांना सुचत असतं. सुचलेलं उंबरठ्यावरच नापास होतं, म्हणून ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

हा निव्वळ माझा अंदाज नाही. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थिनींना कागदाच्या तुकड्यांचं कोलाज करायला दिलं. काहींना आधीच सांगितलं होतं की तुमचं काम कलाकार तपासणार आहेत, बाकीच्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. तपासणीची कल्पना असलेल्यांची कोलाजं एकंदरीत कमी सर्जनशील ठरली. याला एक अपवाद होता, आणि तोच मला फार बोलका वाटतो. ज्यांना ‘सर्जनशील’ दिसेल असं कोलाज कसं करायचं हे नेमकं सांगून ठेवलं होतं, त्यांची कामं तपासणीची कल्पना असूनही वरच्या दर्जाची ठरली.

हे ऐकून बाई ताडकन म्हणाल्या, “म्हणजे माझंच झालं की! स्पर्धेसाठी मुलांना दाखवायला नमुनाचित्र काढायचं असलं तर मी अर्ध्या तासात काढते. पुढे झाड, मागे डोंगर, मध्ये पायवाट. हात आपोआप चालतो. पण ते माझं नसतं.”

मुलांच्या बाबतीतही असंच घडतं. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधी सांगितलं आणि दिलंही. काही दिवसांनी तेच रंगीत पेन मोकळ्या वेळेत ठेवले, तेव्हा ही मुलं इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. बक्षिसाच्या वायद्याने आवडच आटली. ही गोष्ट मी बाईंना सांगितली ती त्यांना दोष द्यावा म्हणून नाही. शाळेतली मुलं आणि त्या स्वतः एकाच अडचणीत आहेत, हे त्यांना दिसावं म्हणून सांगितली.

मग आम्ही एक काम ठरवलं. रोज शाळेतली एक गोष्ट दहा मिनिटं बघायची आणि काढायची. कागद स्वस्तातला, पाठकोरा चालेल. ते कोणाला दाखवायचं नाही, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा नाही, खोडरबर वापरायचं नाही. गोष्ट ‘सुंदर’ असायची गरज नाही, उलट नसलेलीच बरी.

पुढच्या भेटीत त्यांनी वही आणली. इतकी टापटीप की बघत राहावी! प्रत्येक पानाला समास, तारीख, खाली विषयाचं नाव, आणि चित्रं अगदी शिकवल्यासारखी बरोबर. त्यांनीच ती चाळली आणि मान हलवली. “ही पण मी तपासायला दिल्यासारखीच केली.” यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. वर्षानुवर्षांची सवय दहा मिनिटांनी कशी सुटेल? आम्ही वही बाजूला ठेवली, सुटे कागद घेतले आणि आणखी एक अट घातली: काढताना कागदाकडे बघायचं नाही, फक्त वस्तूकडे. अशा रेखाटनात चित्र बरोबर येण्याची सोयच नसते, त्यामुळे तपासणाऱ्या नजरेला हातात धरायला काही मिळत नाही. डोळा मात्र वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरतो आणि हात त्याच्या मागोमाग जातो. त्या स्वतः हा सराव मुलांना द्यायच्या. स्वतःसाठी कित्येक वर्षांत केला नव्हता.

यानंतर एकदा त्या एक कागद घेऊन आल्या. तो त्यांनी काढलेला नव्हताच. वर्गात मुलं रंग कालवला की आधी एका वेगळ्या कागदावर ब्रश टेकवून बघतात, तो हा कागद. तास संपला की फेकून द्यायचा. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. एका कोपऱ्यात निळ्याचे पाचसहा ठिपके होते, एकापेक्षा एक फिके, शेवटचा तर नुसता ओला डाग. त्याला चिकटून कोणीतरी तांबडा टेकवला होता. तो निळ्याच्या ओलीत शिरून जांभळा झाला होता आणि कडेला दाट रेघ धरून वाळला होता. मध्येच एक जोरात ओढलेला कोरडा फटकारा, ब्रशचे केस फाकलेले, मधून कागदाचा पांढरा दिसणारा.

“वर्गातली सगळ्यात जिवंत रेष या कागदावर असते,” त्या म्हणाल्या. “कारण इथे कोणाला गुण मिळणार नसतात. चित्राच्या कागदावर तीच मुलं श्वास रोखून रंगवतात. आणि मी इतकी वर्षं हा कागद कचऱ्यात टाकत होते.”

मुलांना विचारून त्या असे कागद ठेवून घेऊ लागल्या. हे विचारणं मला महत्त्वाचं वाटलं. मुलांचे फटकारे आपल्या चित्रात परस्पर उचलायचे नाहीत, हे त्यांनी आपणहून ठरवलं होतं. त्या घेत होत्या ती रंग एकमेकांत मिसळण्याची आणि वाळण्याची रीत. घरी त्याच मोकळेपणाने स्वतःचा रंग-तपासणीचा कागद करायचा, चित्र करायचंच नाही, एवढंच काम. अशा कागदांतून काही आठवड्यांनी एका कोपऱ्यातून डोंगराची कड निघाली. निसर्गचित्र परत आलं ते त्याला बोलावणं न धाडता.

त्यांची एक शंका मात्र मध्येमध्ये डोकं वर काढायची. “मोठे कलाकार कुठेकुठे जातात, काय काय बघतात. मी रोज तेच घर, तीच शाळा, तोच फळा. यातून काय सुचणार?” ही तक्रारही मी खूप जणांकडून ऐकते. मी त्यांना जॉर्जो मोरांदी या इटालियन चित्रकाराची आठवण करून दिली. 1930 ते 1956 एवढा काळ त्यांनी बोलोन्याच्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापण्याची पद्धत, शिकवलं. बहिणींसोबत राहायचे आणि झोपायच्या खोलीतच चित्रं काढायचे. विषय काय, तर त्याच बाटल्या, तीच भांडी, तेच डबे. दोन बाटल्यांमधलं अंतर किंचित बदलायचं, उजेड बदलायचा, आणि नवं चित्र सुरू. आपल्याकडचे चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलाभवन या कलाशाळेची धुरा सांभाळत असतानाही खिशात मावतील अशा कार्डांवर आसपासची माणसं, जनावरं, झाडं टिपत राहायचे.

“ती माणसंच वेगळी होती,” बाईंनी लगेच सांगितलं. मी वाद घातला नाही. त्यांची प्रतिभा आपल्याला उसनी घेता येत नाही हे खरंच आहे. पण नोकरीमुळे आणि तोच तो परिसर असल्यामुळे चित्र मरतं, हा जो बाईंचा ठाम समज होता, त्याला या दोघांच्या आयुष्यात आधार सापडत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. पुढच्या वेळी जोसेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकाचा विषय त्यांनीच काढला. रंगांचं शिक्षण देताना आल्बर्स विद्यार्थ्यांना रंगीत कागदाचे तुकडे शेजारीशेजारी ठेवायला लावत, तोच रंग शेजार बदलला की कसा वेगळा दिसतो ते दाखवत, आणि स्वतः 1950 पासून शेवटपर्यंत चौकोनात चौकोन काढून तोच प्रश्न रंगवत राहिले. “म्हणजे त्यांचा वर्ग आणि त्यांचं चित्र एकच होतं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज बदलला होता.

मग शाळेतही एक बदल झाला. आठवड्यातल्या एका तासाची पहिली दहा मिनिटं त्या मुलांबरोबर बसून काढू लागल्या. त्या वेळात कोणाच्याही कागदात डोकवायचं नाही, गुण नाहीत, सूचना नाहीत. सुरुवातीला मुलं सारखी उठून विचारायची, “बाई, हे बरोबर आहे का?” त्या म्हणायच्या, “मलाही माझं माहीत नाही, काढत राहा.” वरिष्ठांनी यावर नाराजी दाखवली, हा वेळ वाया जातो असं त्यांचं म्हणणं. बाईंनी दहा मिनिटं सोडली नाहीत, बाकीचा तास मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण करून दाखवला.

आता त्यांचं काय चाललंय? प्रदर्शन वगैरे काही भरवलेलं नाही. परीक्षांच्या दिवसांत अजूनही त्यांचा हात थांबतो, कधीकधी सलग काही आठवडे. फरक एवढाच की पूर्वी असं झालं की ‘मी संपले’ असं त्यांना वाटायचं, आता त्या तपासणीचे गठ्ठे संपायची वाट बघतात. कपाटातला चांगला कागद त्यांनी कापून छोटे तुकडे केले, म्हणजे त्याचा धाक उरू नये.

असाच प्रश्न घेऊन येणारे मला विचारतात, “रोज जमलंच पाहिजे का?” रोज जमलं तर उत्तम, कारण नजरेला सवय लागायला सातत्य लागतं. पण चुकलेल्या दिवसांचा हिशेब ठेवायचा नाही. दुसरा प्रश्न असतो, “निदान जवळच्या एका माणसाला तरी दाखवू का?” सुरुवातीला नको. कौतुक करणारा जवळचा माणूसही शेवटी तपासणाराच, आणि त्याला आवडलेलं पुन्हा काढायचा मोह फार लवकर होतो. कोणाला दाखवायचं आणि कधी, हे थोडे कागद जमले की तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.